साडेसातशे गाठोडी

१ तारीख, सोमवार

पहिल्याच दिवशी अठ्ठावन्न गाठोडी आली. मी दोनदा मोजली. दुसऱ्यांदा सत्तावन्न भरली, म्हणून तिसऱ्यांदा मोजली. अठ्ठावन्नच आहेत. मधल्या मोजणीच्या वेळी ड्रायव्हरमामा एका गाठोड्यावर बसले होते.

आमची गाडी पूर्वी पावाची होती. आता तिच्यात दोन वॉशिंग मशीन आणि एक ड्रायर आहे. बाहेर ताडपत्री ताणून खाली सहा बाकडी मांडली आहेत. गाडी बंद पडलेल्या बूट कारखान्याच्या अंगणात उभी असते. कारखान्यात सीमेपलीकडून लढाईमुळे पळून आलेली त्रेचाळीस कुटुंबे राहतात. आम्ही त्यांचे कपडे धुऊन, वाळवून, घडी घालून देतो. आम्ही म्हणजे तिघे: गाडी चालवणारे ड्रायव्हरमामा, ही सगळी कल्पना ज्यांची त्या निवृत्त नर्सबाई, आणि मी.

माझ्याकडे रजिस्टर आहे. रकाने असे: क्रमांक, कुटुंब, नग, वेळ, डाग कशाचा. शेवटचा रकाना कोणी सांगितला नव्हता, मी मनाने आखला. गंजाला एक इलाज, तेलाला दुसरा, त्यामुळे विचारलेले बरे.

निर्वासितांच्या मदत समितीने गाडी महिनाभरासाठी दिली आहे. तीस तारखेला दुपारी बारापर्यंत साडेसातशे गाठोडी रजिस्टरात जमा झाली तर गाडी इथे वर्षभर राहील. एक जरी कमी पडले तरी ती दुसऱ्या गावाला जाईल. गाठोडे रहिवाशांचेच हवे आणि त्यात किमान पाच मळलेले नग हवेत. हा नियम मी गाडीच्या दारावर आतून चिकटवला आहे. 'मळलेले' हा शब्द छापील पत्रकात चुकला होता, तो नीट करून.

घरी आल्यावर आईने विचारले, "दिवसभर लोकांचे कपडे धुतोस, आणि इथे बादलीत तुझी पँट परवापासून भिजतेय, ती कोण धुणार?"

मी म्हणालो, "आपण रहिवासी नाही, आई."

तिने बादली उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली.

४ तारीख, गुरुवार

अठ्ठावन्न, एकोणपन्नास, एकेचाळीस, तीस. आकडे खाली चालले आहेत. मामा म्हणतात, सुरुवातीला कित्येक महिन्यांचा मळ होता, तो निघाला. आता माणशी दोन जोड कपडे. एक अंगावर, एक दोरीवर.

गाडीतून पावाचा वास अजून गेलेला नाही. ड्रायर तापला की धुतलेल्या चादरींना भाजलेल्या पावाचा वास येतो. मी माफी मागितली. एक आजी म्हणाली, "माफी कसली? आज उशीला मिठी मारून झोपणार आहे."

मामांनी मला नाव ठेवले आहे. "ए शुद्धलेखन, नळी धर." मी नववीत शाळा सोडली, तरी वेलांटी चुकलेली मला बघवत नाही. मामांनी गाडीच्या पाटीवर 'धूलाई' लिहिले होते. ते मी धुतले.

६ तारीख, शनिवार

आठवड्याची एकूण दोनशे एकोणीस. आज फक्त एकोणीस.

आज आलेल्यांत गणिताचे गुरुजी होते. तिकडे ते मोठ्या शाळेत होते. उंच, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांच्या पाच नगांपैकी एकावरही डाग दिसेना. मी विचारले, "गुरुजी, डाग कशाचा लिहू?" ते विचार करून म्हणाले, "वयाचा लिही." वय हा डाग नसल्यामुळे मी 'घाम' लिहिले.

कपडे घेतल्यावरही ते तासभर बाकड्यावर बसून होते. कपड्यांत काही कमी आहे का, असे मी दोनदा विचारले. नव्हते.

९ तारीख, मंगळवार

काल चौदा, आज अकरा. एकूण दोनशे चव्वेचाळीस. पाचशे सहा बाकी आणि दिवस अठरा. रोज निदान एकोणतीस हवीत.

मामा हळूच म्हणाले, "इंग्रजी एकाच्या पुढे एक आहे ना? त्यातल्या पहिल्या एकाला जरा शेपूट काढ. तिथे चार होतात."

मी म्हणालो, "मग अकरा कुठे लिहू?"

"कशाला लिहायचे?"

"झाले आहेत म्हणून."

मामांनी कपाळावर हात मारला. मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण ताडपत्रीखालच्या सगळ्यांच्या माना वळल्या. शिंपीण पुढे आली. ती माझ्याच वयाची आहे, आणि कारखान्यातल्या सगळ्यांचे कपडे उसवून शिवून देते. मला 'अहो रजिस्टरवाले' म्हणते.

"अहो रजिस्टरवाले, किती कमी पडतात म्हणालात?"

मी तिला संपूर्ण गणित दाखवले. तिने गुरुजींना बोलावले. गुरुजींनी चष्मा लावून पान तपासले आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे. दुर्दैवाने."

"आणि गाडी गेली की ही बाकडी?" शिंपिणीने विचारले.

"तीही समितीची आहेत. ताडपत्रीसकट जातील. यादी केलेली आहे," मी सांगितले. यादी दाखवायची तयारी होती, पण कोणी मागितली नाही.

गाडी गेली तर मला भावोजींच्या टायरच्या दुकानात जावे लागेल. याआधी चार ठिकाणांहून मला काढले, प्रत्येक ठिकाणी कारण एकच: सावकाश. इथे मला अजून कोणी सावकाश म्हणालेले नाही. मशीनचे एक आवर्तन एकोणपन्नास मिनिटांचे असते. कोणी कितीही घाई केली तरी एकोणपन्नासच.

१० तारीख, बुधवार

बारा.

संध्याकाळी पाच वाजता नर्सबाईंनी सगळ्या रहिवाशांना जेवणघरात बोलावले. मामाही गेले. मला बाईंनी नळी गुंडाळायला सांगितली. नळी गुंडाळलेलीच होती, तसे मी सांगितले. "मग उलगडून गुंडाळ," बाई म्हणाल्या. मी उलगडून गुंडाळली. जेवणघरातून हसण्याचा आवाज येत होता. मग टाळ्या. मला वाटते, कोणाचा तरी वाढदिवस असावा.

११ तारीख, गुरुवार

एकतीस!

सकाळी साडेनऊला एक दुर्घटना घडली. गुरुजी फाटकाजवळच्या डबक्यात पडले. अंगण सगळे सिमेंटचे आहे, फक्त फाटकाशी सिमेंट उखडून चांगला खाटेएवढा खड्डा झाला आहे आणि तिथे कायम चिखल असतो. गुरुजी उताणे पडले, मग बहुधा उठायच्या प्रयत्नात पालथे झाले. त्यांच्या हातात चार चादरी होत्या, त्याही पडल्या. लोक त्यांना उचलायला धावले, तेही पडले. मग त्यांना उचलायला आणखी लोक.

मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावलो. नर्सबाई वीस वर्षे अपघात विभागात होत्या, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. धक्का बसला असणार.

डाग कशाचा: चिखल सव्वीस, इतर पाच.

१२ तारीख, शुक्रवार

छत्तीस. गुरुजी पुन्हा पडले, साडेनऊला, त्याच जागी. मला त्यांच्या तोलाची काळजी वाटते. एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे: पडण्याआधी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बूट काढून कडेला जोडीने लावले आणि पेन शिंपिणीकडे दिले. असा दूरदृष्टीचा माणूस मी पाहिलेला नाही.

१३ तारीख, शनिवार

अडतीस. शिंपिणीच्या एप्रनवर काल बिटाचा डाग होता. आज मुरंबा.

"कालचा डाग कुठे होता हो?" तिने विचारले.

मी रजिस्टर बघून सांगितले, "उजव्या खिशाखाली."

"मग आज डावीकडे बरोबर आहे," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून निघून गेली. दात दुखत असावा.

१४ तारीख, रविवार

गाडी बंद. ताई आणि भावोजी जेवायला आले होते.

भावोजी म्हणाले, "टायरचं एक बरं असतं. त्याला कोणी विचारत नाही डाग कशाचा."

ताई म्हणाली, "अहो, त्याला राहू द्या. पहिल्यांदाच काम करून हसत घरी येतोय."

मी हसत येतो हे मला माहीत नव्हते. उद्यापासून लक्ष ठेवीन.

१६ तारीख, मंगळवार

जेवणघरात दोन आजींचे भांडण झाले. एकमेकींच्या अंगावर त्यांनी मुरंब्याची अख्खी बरणी रिकामी केली. एवढ्या रागात असूनही दोघी सारख्या हसत होत्या. वयोमानाने असे होते. भांडण सोडवायला आलेल्या सुनाही बरबटल्या. सात गाठोडी. स्वयंपाकीणबाईंनी मात्र आजपासून मुरंबा कुलपात ठेवला आहे आणि चहाचा पेला जेवणघराबाहेर न्यायला रहिवाशांना बंदी केली आहे.

मी दोन्ही आजींना वेगवेगळे गाठून समेट घडवण्याचा प्रयत्न केला. त्या एकाच खाटेवर बसल्या होत्या, त्यामुळे वेगवेगळे गाठणे अवघड गेले.

१७ तारीख, बुधवार

गुरुजी आज पडल्यावर, कपडे मशीनमध्ये असताना, अंगावर टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "इथे आल्यापासून रोज कोणीतरी कागद घेऊन येतं. कुठून आलात? का आलात? कोण मेलं? कोण राहिलं? पुरावा काय? तू एकटाच असा आहेस की जो विचारतो, डाग कशाचा."

मला फार वाईट वाटले. मी म्हणालो, "गुरुजी, त्रास होत असेल तर रकाना काढून टाकतो."

"नको, नको," ते घाईने म्हणाले, "असू दे. तेवढं एक उत्तर मला खात्रीने येतं."

मग एकोणपन्नास मिनिटे आम्ही काही बोललो नाही. त्यांनी मशीनच्या काचेतून स्वतःचा शर्ट फिरताना पाहिला. मीही पाहिला. शर्टच तो.

२० तारीख, शनिवार

एकूण पाचशे त्र्याऐंशी. आता रोज एकवीस आली तरी पुरतील. मी रात्री पोटभर जेवलो. आई म्हणाली, "पाऊण महिन्याने दिसलास बाबा ताटावर."

२२ तारीख, सोमवार

पस्तीस गाठोडी, पण मशीन क्रमांक दोनचा पंप तुंबला. मी जाळी काढून आतला गाळ वर्तमानपत्रावर पसरला आणि वाळवून वजन केले. दोन किलो चारशे ग्रॅम. एवढी माती घेऊन मशीन किती दिवस चालणार?

शिवाय गुरुजी आज दहाव्यांदा पडले. दहा वेळा! एक दिवस हाड मोडेल. डबक्याभोवती मी 'सावकाश' अशी पाटी लावली होती. पाटी लावल्यापासून ते खरोखर सावकाश पडतात, पण पडतातच.

घरी येताना विचार केला. आम्ही डाग धुतो, पण डाग येतो कुठून याचा विचार कोणीच करत नाही. मुळाशी कोणी जात नाही. मी जायचे ठरवले आहे. कोणाला सांगणार नाही. काम झाल्यावर सगळ्यांना कळेलच.

२३ तारीख, मंगळवार

तेहतीस. नगरपालिकेला अर्ज लिहिला. तीन मसुदे केले. विषय: निर्वासितांच्या वारंवार होणाऱ्या पतनाबाबत. 'पतन' शब्द बरोबर आहे, पण वाचताना भलतेच वाटते, म्हणून 'घसरून पडण्याबाबत' केले. सोबत रजिस्टरमधील पडण्याच्या नोंदींची प्रत जोडली. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, साहेबांना आत नेऊन दाखवला, आणि आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. परवाच खडी पाठवतो म्हणाले. इतके तत्पर कार्यालय मी पाहिले नाही.

२५ तारीख, गुरुवार

आज माझ्या आयुष्यातील सर्वांत समाधानाचा दिवस.

तीस गाठोडी झाली, एकूण सातशे सतरा. दुपारी चार वाजता खडीचा ट्रक आला. खड्ड्यातला चिखल उपसून त्यांनी खडी ओतली आणि वरून धुम्मसाने ठोकून घट्ट बसवली. कडा मी स्वतः फावड्याने सारख्या केल्या. पातळी पाण्याच्या बाटलीने तपासली.

सगळे रहिवासी बाहेर आले. रांगेत उभे राहिले. कोणीच काही बोलेना. कृतज्ञतेने माणूस असा मुका होतो हे मी ऐकले होते, आज पाहिले. मामा गाडीच्या पायरीवर डोके धरून बसले. ऊन लागले असावे.

नर्सबाई म्हणाल्या, "बाळा, हे सगळं तू एकट्याने केलंस?"

"हो."

"कोणालाही न विचारता?"

"हो. तुम्हाला धक्का द्यायचा होता."

"दिलास रे," त्या म्हणाल्या आणि मामांशेजारी पायरीवर बसल्या.

२६ तारीख, शुक्रवार

नऊ. एवढी घट का, समजत नाही. उद्या भरून निघेल.

साडेनऊला गुरुजी खडीवरून चालत गेले, पलीकडे पोहोचले, मागे वळून पाहिले आणि परत चालत आले. एकदाही पाय घसरला नाही. मी टाळ्या वाजवल्या. मी एकटाच.

२७ तारीख, शनिवार

सात. एकूण सातशे तेहतीस. सतरा बाकी, आणि उद्या रविवार.

दोन बायका खडीवर बादल्यांनी पाणी ओतताना दिसल्या. मी जाऊन सांगितले, "काळजी करू नका, निचरा उत्तम आहे. एक थेंब साचणार नाही."

त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ, थेंबसुद्धा साचू देणार नाही."

शिंपीण आज माझ्याशी बोललीच नाही. शेवटी मीच विचारले, "डाग कशाचा?"

"कपाळाचा," ती म्हणाली.

मग गाठोडे ठेवताना म्हणाली, "तो खड्डा तुमचं काय खात होता हो?"

मी तिला पंपाचे सविस्तर सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमच्यावर धड रागावताही येत नाही. त्यासाठी समोरच्याला आधी कळावं लागतं."

काय कळावे लागते, ते तिने सांगितले नाही.

२९ तारीख, सोमवार

आज सकाळी गाडी घेऊन आलो तर काय पाहावे. अख्ख्या कारखान्याची सफाई चालली होती. खिडक्यांची तावदाने, छताचे पंखे, जुन्या बूट शिवायच्या यंत्रांवरचे वंगण, भिंतीची काजळी. विशेष म्हणजे फडकी सोडून लोक चादरी, शर्ट आणि उशांचे अभ्रे वापरत होते. एक आजोबा शिडीवर चढून स्वतःच्या विजारीने पंखा पुसत होते. खडीमुळे स्वच्छतेची आवड निर्माण झाली, हे उघड आहे.

अकरा गाठोडी. तेलकट काजळी फार वाईट, दोनदा धुवावी लागली. दुपारनंतर पुसायला काही उरलेच नाही. कारखाना आरशासारखा झाला आहे.

एकूण सातशे चव्वेचाळीस. उद्या बारापर्यंत सहा. समितीचे साहेब अकराला येणार आहेत.

मामा म्हणाले, "शुद्धलेखन, उद्या सहाऐवजी पाच झाली तर?"

"तर सातशे एकोणपन्नास लिहीन."

"माहीत आहे रे मला," मामा म्हणाले. पण रागाने नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्यांचा हात साबणाने ओला होता, पण मी तसाच राहू दिला.

३० तारीख, मंगळवार

हे सगळे क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

अकरा वाजता साहेब आले. बारीक चणीचे, हातात चामडी बॅग. खुर्ची रुमालाने पुसून बसले. रुमालाकडे पाहिले, तो स्वच्छच होता. कालची सफाई. त्यांनी रजिस्टर उघडले आणि शेवटचा रकाना मोठ्याने वाचू लागले.

"गुरुजी, चिखल. गुरुजी, चिखल. गुरुजी, चिखल." त्यांनी पान उलटले. "गुरुजी, चिखल. हे गृहस्थ तेरा वेळा पडले?"

"हो साहेब. म्हणूनच मी खड्डा बुजवून घेतला."

साहेबांनी वर पाहिले. "तू बुजवलास? आणि त्यानंतर गाठोडी तीसवरून नऊवर आली?"

"हो साहेब."

"तुला यात काही विशेष वाटलं नाही?"

"वाटलं. पण दोन्हींचा संबंध लागला नाही."

साहेबांनी ताडपत्रीखाली जमलेल्या लोकांकडे एकदा पाहिले. लोकांनी ताडपत्रीकडे पाहिले. मग साहेब मला म्हणाले, "यातली एक तरी नोंद खोटी आहे का?"

"नाही साहेब. प्रत्येक नग मी हातात धरून पाहिला आहे. सगळे खरोखर मळले होते."

"मानतो," साहेब म्हणाले. "हे असं कोणी खोटं लिहीत नाही."

साडेअकरापर्यंत पाच गाठोडी आली. कुठून आली देव जाणे. एकात स्टोव्हची काजळी होती, एकात सायकलच्या साखळीचे तेल. अंगणात सायकल एकच आहे, ती मामांची, आणि ती आज सुटी होऊन पडली होती. सातशे एकोणपन्नास.

अकरा चाळीसला गुरुजी आले. त्यांच्या गाठोड्यात चार नग होते, चारही काजळीने माखलेले.

"पाच लागतात, गुरुजी," मी म्हणालो.

"पाचवा हा," ते म्हणाले आणि अंगातल्या शर्टाकडे बोट दाखवले. शर्ट पांढराशुभ्र होता. आम्हीच धुतलेला. मी कॉलर पाहिली, बाह्या पाहिल्या, उलटून पाहिला.

"हा स्वच्छ आहे, गुरुजी."

"नीट बघ."

"नीटच बघतो आहे."

गुरुजी वळले. खडीकडे गेले. चष्मा काढून खिशात ठेवला, बूट जोडीने कडेला लावले. मग इतक्या लोकांसमोर, समितीच्या साहेबांसमोर, तो ताठ माणूस अगदी सावकाश खडीवर आडवा झाला. एकदा या कुशीवर वळला, एकदा त्या. उठून शर्टाची पाठ पुढे ओढून पाहिली. एक ठिपकासुद्धा नव्हता. खडी धुतलेली होती. ती मीच मागवताना 'धुतलेली' असे लिहिले होते.

ते तिथेच हात खाली सोडून उभे राहिले. त्यांच्यामागे त्रेचाळीस कुटुंबे उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मला काहीतरी समजले. सगळे नाही. पण गुरुजी तेरा वेळा 'पडले' नव्हते, एवढे समजले.

घड्याळात अकरा चोपन्न. मामांचा चहाचा पेला पायरीवर होता. मी उचलला. आत बोट घालून पाहिले, फार गरम नव्हता. मी गुरुजींपर्यंत चालत गेलो आणि तो पेला त्यांच्या छातीवर रिकामा केला. बटणांच्या डाव्या बाजूने, पेन सांभाळून.



गुरुजींनी शर्टाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. "डाग कशाचा?" त्यांनी विचारले.

"चहाचा," मी म्हणालो.

"हे काय चाललंय?" साहेब उभे राहिले.

"पाचवा नग मळला, साहेब. अकरा चोपन्न."

"तो तू मळवलास!"

"हो साहेब. तसंच लिहितो."

आणि मी लिहिले. क्रमांक सातशे पन्नास. गुरुजी. नग पाच. डाग: काजळी चार, चहा एक. चहा मी सांडला, मुद्दाम. मग रजिस्टर साहेबांसमोर ठेवले.

साहेबांनी नोंद वाचली. दारावरचा नियम वाचला. मग बॅगेतून समितीचे मूळ पत्रक काढून तेही वाचले, बोट ठेवून, दोन्ही बाजूंनी. बारा वाजायला एक मिनिट होते.

"डाग कोणी पाडावा, याबद्दल नियमात काही नाही," ते शेवटी म्हणाले. "राहून गेलं आहे." ते माझ्याकडे बघून थोडे अस्वस्थ झाले. "तुझ्यासारखा माणूस आमच्या कार्यालयात असता तर राहिलं नसतं."

आणि सही केली. वर्षभर.

त्यानंतर जो आरडाओरडा झाला तो नोंदवण्यासारखा नाही. मामांनी मला उचलले. नर्सबाई पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, "मी सांगत होते, याला काही सांगू नका, सांगू नका." काय सांगायचे नव्हते ते मी विचारणार होतो, पण मी मामांच्या खांद्यावर उलटा होतो. शिंपीण म्हणाली, "अहो रजिस्टरवाले, तुम्ही पेल्यात बोट का घातलं?"

"भाजलं असतं तर?"

ती हसायला लागली ती थांबेचना. मग मात्र तिने डोळे पुसले.

घरी आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर चहा ओतलास, आणि म्हणून तुला ठेवून घेतलं?"

"हो."

तिने भावोजींना फोन करून टायरचे रद्द केले.

१ तारीख, बुधवार

नव्या महिन्याचा पहिला दिवस. आता आकड्याची अट नाही, पण सवयीने सकाळपासून वाट बघत होतो. अकरापर्यंत दोनच गाठोडी आली. मी घाबरून नर्सबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अरे, जरा कपड्यांना श्वास घेऊ दे."

गुरुजी आले. शर्ट स्वच्छ, हात रिकामे. बाकड्यावर बसले. दोन्ही आजी आल्या, त्यांच्या सुना आल्या. शिंपीण उसवलेली बाही घेऊन आली.

"धुवायची आहे?" मी विचारले.

"नाही, शिवायची आहे."

"मग आत का नाही शिवत?"

"इथे बरं वाटतं," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

मी मशीन क्रमांक एक लावले. ते फिरू लागले तशी सगळी माणसे हळूहळू त्याच्याकडे तोंड करून बसली. कोणी कोणाला काही विचारत नव्हते. पावाचा वास सुटला.

पाच वाजता रजिस्टर बंद केले. गाठोडी पाच. बाकड्यांवर आलेली माणसे एकतीस. ती रजिस्टरमध्ये कुठे लिहायची ते कळेना, म्हणून इथे लिहिली.